पाठपोट

बायको बाहेरगावी गेली की लोक पत्ते कुटतात, दुपारी झोपतात, फार तर पिठलं-भात करून त्याची हकीकत आठवडाभर सांगत सुटतात. मी ऑफिस पेपरलेस केलं. ऑफिस माझं नव्हतं, बायकोचं होतं. ती आमच्या लेकीच्या, चारुताच्या, बाळंतपणासाठी सहा आठवडे पुण्याला गेली होती आणि तिच्यामागे मी हा पराक्रम केला. मला आता त्यातलं गमतीचं तेवढंच आठवतं, असं मी चारचौघांत सांगतो. अश्लेषाला सगळं आठवतं.

गोष्ट दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यातली. शहराच्या पाट्यांवर तेव्हा औरंगाबाद लिहिलेलं असे आणि आमच्या नळाला चौथ्या दिवशी पाणी येई. जायकवाडी तळाला गेलं होतं, तरी बायपासच्या पलीकडं दर महिन्याला एक नवी इमारत उभी राहत होती. प्यायला पाणी नाही तिथं सिमेंट कशात कालवतात, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

सिडकोतल्या आमच्या रो-हाउसच्या पुढच्या खोलीत अश्लेषाचं 'गाठीभेटी वधू-वर सूचक केंद्र' बावीस वर्षं चालू होतं. एका स्थळाला एक फॉर्म. त्यावर फोटो, उंची, शिक्षण, नोकरी, अपेक्षा, आणि गेल्या दोन वर्षांत वाढवलेली एक ओळ: 'घरी पाणी किती दिवसांआड?' हसू नका. पत्रिकेत मंगळ असला तर शांत करून देणारे गुरुजी आमच्या गल्लीत तीन होते. टँकरच्या पाण्यावर मात्र कुठली शांत नव्हती. मुलगा इंजिनिअर असो, बंगला असो, पाणी टँकरचं म्हटलं की मुलीची आई पदर सावरून उठायची.

अश्लेषाचं खरं भांडवल म्हणजे लोकांचा भरवसा. माणसं सख्ख्या भावाला सांगणार नाहीत ते तिला सांगत. ती ऐकून घ्यायची आणि बाहेर एक शब्द जायचा नाही. मी घरातला असून माझ्या कानावरही येत नव्हता.

निघताना तिनं मला दोन सूचना दिल्या. "फोन आला की नाव-नंबर लिहून ठेवा. आणि कपाटाला हात लावू नका."

मी एकतीस वर्षं एका सरकारी कचेरीच्या अभिलेख कक्षात काढली. तिथं लाखभर फायली होत्या आणि त्यातली एकही माझ्या हातून हरवली नाही. ज्या सापडत नसत त्या माझ्या आधीच्या माणसानं हरवल्या होत्या. अशा माणसाला कपाटाला हात लावू नका म्हणायचं, म्हणजे आचाऱ्याला चुलीपासून लांब बस म्हणण्यासारखं आहे. पण मी रिक्षात बॅगा ठेवल्या.

आठ दिवस मी हात लावला नाही. नवव्या दिवशी सर्जेरावांचा फोन आला. सर्जेराव म्हणजे चिकलठाण्याच्या एमआयडीसीत लेथचं छोटं वर्कशॉप चालवणारे गृहस्थ. त्यांच्या राजकुमारचं लग्न मोतीरामभाऊंच्या जयमालाशी अश्लेषानं दीड वर्ष खपून जमवत आणलं होतं. साखरपुडा बावीस मेला. ती परत येणार त्यानंतर दोनच दिवसांनी. तिच्या केंद्राचं ते त्या वर्षातलं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात लाडकं काम होतं.

"श्रीरंगराव, पोरीच्या मामाचं नाव काय हो? तुमच्या फॉर्मात हाये. पत्रिका छापायला टाकायचीय."

"पाच मिनिटांत सांगतो," मी म्हणालो आणि कपाट उघडलं.

दोन तास गेले. त्या फायलींना वर्णानुक्रम नव्हता, वर्षानुक्रम नव्हता, मुलं एकीकडं आणि मुली एकीकडं असंही नव्हतं. वैजापूरच्या डॉक्टरणीशेजारी फुलंब्रीचा कृषी सहायक, त्याच्याखाली लासूर स्टेशनच्या आडत्याची मुलगी. सरकारी नोकरीत इतकी अनागोंदी मी फक्त लेखापरीक्षणाच्या आदल्या दिवशी पाहिली आहे. शेवटी सर्जेरावांचाच पुन्हा फोन आला.

"ऱ्हाऊ द्या आता. वहिनींना पुण्याला लावतो फोन. त्यांनी फोन ठेवायच्या आत सांगितलं असतं."

त्यांनी हे अगदी समजूतदारपणे सांगितलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्याच दुपारी मी ठरवलं की अश्लेषा परत येईल तेव्हा या खोलीत कागदाचा कपटा दिसणार नाही, आणि कोणतंही स्थळ एका बोटावर सापडेल.

दुसरंही एक कारण होतं आणि ते उदात्त होतं. दर रविवारी चाळीस-पन्नास माणसं स्थळं चाळायला घरी यायची. आलेल्याला आधी पाण्याचा ग्लास पुढं करायचा ही आपली रीत. दुष्काळात चहा टाळता येतो, पाणी टाळता येत नाही. लोकांनी घरबसल्या मोबाइलवर स्थळं पाहिली तर दर रविवारी आमची अर्धी टाकी वाचणार होती. जग झाडं वाचवायला पेपरलेस होतं. मी टाकी वाचवायला निघालो होतो.

पहिला सल्ला शेजारच्या साहेबरावांनी दिला. ते एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झाले आहेत आणि अजून सगळ्या जगाकडं उशिरा लागलेली गाडी म्हणून बघतात. "कागद फेकायचा नाय, श्रीरंगराव. कागद म्हंजे पुरावा. माझ्याकडं अठ्ठ्याहत्तर सालचं बदलीचं पत्र हाये."

"त्याचा आता उपयोग काय?"

"काय नाय. पर हाये."

दुसरा सल्ला आमचे जावई मिहिर यांचा. ते सॉफ्टवेअरमध्ये आहेत. जावयाला सासऱ्याचा वेडेपणा दाखवून देता येत नाही आणि सासऱ्याला जावयापुढं कळलं नाही म्हणता येत नाही, त्यामुळे आमचं संभाषण फार सभ्य झालं. ते म्हणाले, "बाबा, सगळं स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवायचं. फोल्डरची लिंक असते. ती मात्र जपून द्यायची." मी म्हणालो, "अर्थात." ते म्हणाले, "म्हणजे परवानग्या वगैरे..." मी म्हणालो, "हो हो, परवानग्या." मला वाटलं ते सरकारी परवानग्यांबद्दल बोलताहेत, आणि त्या विषयात मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

पेपरलेस व्हायला किती कागद लागतात हे मला पुढच्या आठवड्यात कळलं. इंटरनेटच्या जोडणीसाठी आधारची झेरॉक्स, विजेच्या बिलाची झेरॉक्स, दोन फोटो, आणि बिल अश्लेषाच्या नावावर असल्यामुळे तिचं संमतिपत्र. ते मीच लिहिलं आणि तिच्यासारखी सही करण्याचा मोह टाळून 'करिता' म्हणून स्वतःची केली. ते चालणार नाही म्हणाले. मग मी साहेबरावांच्या नावावर जोडणी घेतली आणि वायर भिंतीवरून आणली. साहेबराव तेव्हापासून रोज सकाळी येऊन "आपलं नेट चाललंय का" असं विचारू लागले.

त्यानंतर पाटी. 'गाठीभेटी' या शब्दाखाली 'शहरातील पहिले पेपरलेस केंद्र' असं रंगवावं, असा माझा विचार होता. पाटीचा मजकूर बदलायचा तर एका कार्यालयात नोंद लागते असं कोणीतरी सांगितलं, म्हणून गेलो. तिथल्या कारकुनानं माझा अर्ज शांतपणे वाचला.

"पेपरलेस आहात, याला आधार काय?"

"म्हणजे?"

"तसा कागद जोडा. तीन प्रतींत."

मला राग आला नाही. एकतीस वर्षं मी हेच केलं होतं, पण इतकं सफाईनं मला कधी जमलं नव्हतं. मी त्याला नमस्कार केला आणि पाटीचा विचार सोडून दिला.

चौकात सरिताचं झेरॉक्स आणि स्कॅनिंगचं दुकान आहे. सरिता फुलंब्रीची. एम.कॉम. झाल्यावर नोकरीची वाट न बघता तिनं कर्ज काढून मशिनं घेतली. रोज सकाळच्या बसनं येते, मशिनच्या वर लावलेल्या बाबासाहेबांच्या फोटोवरची धूळ पुसते आणि मग शटर पूर्ण उघडते. कामात एकदम चोख. मी सहाशे चाळीस फॉर्म, प्रत्येक जाड पुठ्ठ्याच्या फायलीत, दोन हातगाड्यांवरून तिच्याकडं नेले. नेण्याआधी माझ्यातल्या कारकुनानं चार दिवस बसून ते वर्णानुक्रमानं लावले होते. मुलं वेगळी, मुली वेगळ्या. काय समाधान वाटलं म्हणून सांगू.

तिनं वरचा फॉर्म उचलला, उलटा केला, आणि थोडा वेळ बघत राहिली. "काका, एक बाजू का पाठपोट?"

पाठपोट म्हणजे कागदाच्या दोन्ही बाजू. आमच्या खात्यातला हा लाडका शब्द. तो ऐकून मला बरं वाटलं. "पाठपोट," मी म्हणालो.

"मागं पेन्सिलीनं कायबाय लिहिलंय. काकूंचं अक्षर दिसतंय. ते बी घ्यायचं व्हय?"

आता इथं मी तो कागद हातात घेऊन उलटा बघायला हवा होता. एवढंच करायचं होतं. पण अभिलेख कक्षात मी एक धडा शिकलो होतो: अर्धवट नक्कल ही नक्कलच नव्हे. शिवाय आपल्याला न विचारता एका मुलीनं कागद उलटून पाहावा, हेही थोडं लागलं.

"सरिता, पाठपोट म्हणजे पाठपोट."

"बरं," ती म्हणाली आणि मशिन चालू केलं.

दोन दिवसांत काम झालं. तिनं फोल्डर करून माझ्या मोबाइलवर लिंक पाठवली. "सांभाळून हां काका," असंही म्हणाली. या लिंकबद्दल लोक इतके हळवे का होतात, ते मला कळेना.

उरले कागद. एक भंगारवाला गल्लीत यायचा, त्याला बोलावलं. त्यानं एक फॉर्म उचलून फोटो बघितला आणि परत ठेवला. "चाचा, ये तो शादी के कागजां हैं. ऐसे नको देओ. चाची को पूछे क्या?"

"चाचीसाठीच करतोय," मी म्हणालो. त्याच्या गाडीवर एक निळं पिंप होतं, दोनशे लिटरचं, झाकणासकट. त्या उन्हाळ्यात अशा पिंपासाठी लोक भांडत होते. मी फायलींसकट कागद दिले आणि पिंप घेतलं. व्यवहार मला इतका फायद्याचा वाटला की मी पिंप दारातच ठेवलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं.

शेवटचा टप्पा म्हणजे लोकांना कळवणं. केंद्राचे साडेतीनशे नंबर माझ्याकडं होते. कोणाला कोणतं स्थळ पाठवायचं, ते एकेक करून ठरवू लागलो. दहा नंबरांत घाम फुटला. साहेबराव आपलं नेट बघायला आले होते.

"एकेकाला सांगत बसता व्हय? स्टँडवर गाडी लागली तर आमी काय एकेका पॅसेंजरच्या कानात सांगतो? माइक घ्यायचा, एकदा बोलायचं. ज्याला बसायचं तो बसंल."

त्यांचं म्हणणं मला पटलं. रविवारी संध्याकाळी, पंधरा मेला, मी 'गाठीभेटी आता आपल्या हातात' असा मजकूर लिहून फोल्डरची लिंक साडेतीनशे जणांना एकदम पाठवली. मग पोटभर जेवलो.

सोमवारी सकाळी पावणेसातला पहिला फोन आला. एक गृहस्थ अत्यंत गंभीर आवाजात म्हणाले, "तुमच्या घराच्या दाराची कडी जमिनीपासून किती उंचीवर हाये?"

मला वाटलं, चुकीचा नंबर. पाच मिनिटांनी खिडकीतून पाहिलं तर एक तरुण आमच्या दाराला पाठ लावून उभा होता आणि त्याचा भाऊ टेप धरून कडीची उंची मोजत होता. मी दार उघडल्यावर तो तरुण मागच्या मागं आत पडला. उठून त्यानं मोबाइल माझ्यापुढं धरला.

स्क्रीनवर त्याचा फॉर्म होता. पुढच्या बाजूला उंची पाच फूट सहा इंच. दुसऱ्या पानावर, म्हणजे कागदाच्या मागच्या बाजूला, अश्लेषाच्या बारीक पेन्सिलीत लिहिलं होतं: 'आमच्या दाराच्या वरून लोंबणाऱ्या कडीखालून न वाकता आत आला. कडी पाच-चारवर आहे. मुलगा गुणी. उंचीचं वडिलांनी लिहिलं असणार.'

मी खाली बसलो आणि फोल्डर पहिल्यांदा उघडलं. बावीस वर्षांत मी जे कधी उलटून पाहिलं नव्हतं ते आता साडेतीनशे घरांत नाश्त्याबरोबर वाचलं जात होतं. 'पगार सांगितला त्यात ओव्हरटाइम, बोनस आणि वडिलांची पेन्शन धरली आहे.' 'फोटो बहुधा चुलत बहिणीचा.' 'मुलाला वय विचारलं. आईनं सांगितलं. नाव विचारलं. आईनं सांगितलं.' 'निर्व्यसनी. खिशात पुडी.' 'पाणी चौथ्या दिवशी पहाटे चारला येतं, मुलगा स्वतः उठून भरतो. हे स्थळ सोडू नये.' आणि मधूनच असंही: 'हिचं आधीचं मोडलं त्यात हिचा दोष नव्हता. आई रडली. हे कुणाला सांगायचं नाही.'

हे शेवटचं वाचल्यावर मला गंमत वाटेनाशी झाली. सरिताला फोन करून फोल्डर बंद करायला सांगितलं. ती म्हणाली, "करते काका. पर लोकांनी उतरवून घेतलं असंल. मी इचारलं होतं तुमाला." तिनं विचारलं होतं.

दहा वाजेपर्यंत अंगणात साठ माणसं झाली. सगळी रागावलेली, आणि सगळी उन्हातून आलेली. आता रागावलेला असला तरी आलेला माणूस हा आलेला माणूस असतो. त्याला आधी पाणी द्यावं लागतं, आणि पाणी पिऊन झाल्यावर तो नव्या दमानं ओरडतो. साहेबराव ग्लास विसळून देत होते, मी फिरवत होतो. टाकी साडेअकराला संपली, आणि नळ येणार होता बुधवारी. मग निळ्या पिंपातलं काढलं. सगळं मिळून दोन-तीन रविवारांचं पाणी एका सकाळी गेलं. मी तेव्हा हिशेब केला नाही, साहेबरावांनी मोठ्यानं केला.

गर्दीत एक वैजनाथ नावाचे सद्गृहस्थ होते. ते ओरडत नव्हते. कोपऱ्यात बसून होते. मी ग्लास पुढं केला तर म्हणाले, "माझ्या मुलीच्या फॉर्मची मागची बाजू कोरी आहे."

"मग उत्तमच की."

"उत्तम कसं? सगळ्यांबद्दल काही ना काही लिहिलंय. आमच्याबद्दल वहिनींना दोन ओळीसुद्धा सुचू नयेत?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या दिवशी सगळ्यात जास्त दुखावलेला माणूस तो होता, असं माझं अजून मत आहे.

बाराच्या सुमारास सर्जेराव आणि मोतीरामभाऊ एकाच वेळी फाटकात आले. दोघांच्या हातात मोबाइल. दोघांनी पाणी नाकारलं, तेव्हा मी समजलो की प्रकरण हाताबाहेर गेलं.

मोतीरामभाऊ म्हणजे मुलीचे वडील. त्यांनी राजकुमारच्या फॉर्मची मागची बाजू मोठ्यानं वाचली. "'फ्लॅट बायपासच्या पलीकडं. पाणी टँकरचं, आठवड्यातून दोनदा. मुलानं स्वतःहून सांगितलं, वडिलांनी डोळे वटारले. हे मुलीला मुलगाच सांगणार, आपण मधे पडायचं नाही.' टँकर? फॉर्मवर तर पाण्याच्या ओळीत 'सर्व सोयी' लिहिलंय. आमच्या पोरीनं लहानपणापासून हंडेच भरलेत. तिची एकच अट होती, नळाचं पाणी."

"आन् तुमचं काय?" सर्जेरावांनी आपला मोबाइल वर केला. "'मुलीला स्वयंपाक येत नाही. वडील येतो म्हणतात. मुलगी म्हणाली, येत नाही, शिकायची घाई पण नाही.' तुमी तर आमाला तिच्या हातच्या पुरणपोळ्या खाऊ घातल्या."

"त्या विकत आणल्या होत्या," मोतीरामभाऊ रागाच्या भरात बोलून गेले.

त्यानंतर जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. दोघांनी साखरपुडा मोडल्याचं जाहीर केलं, वेगवेगळं, आणि आधी कोणी मोडला यावरून पुन्हा भांडले. दीड वर्षाचं काम माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच अंगणात, माझ्याच हातानं निकालात निघालं होतं. मला दरदरून घाम फुटला आणि तोंड धुण्याइतकं पाणी उरलं नव्हतं.

तीन वाजता मिहिररावांची गाडी दारात थांबली. लिंक चारुतालाही गेली होती. अश्लेषा उतरली. आधी रिकाम्या कपाटाकडं बघितलं, मग दारातल्या पिंपाकडं.

"कागद कुठंत?"

मी पिंपाकडं बोट दाखवलं. तिला लगेच कळलं. इतकी वर्षं जवळून पाहिल्यावर माणसाचे व्यवहार कळतात.

"मी ते उगाच तसे लावले नव्हते," ती हळू आवाजात म्हणाली. "ज्यांचं जमेल असं वाटायचं, ते शेजारी-शेजारी ठेवले होते."

वैजापूरची डॉक्टरीण, फुलंब्रीचा कृषी सहायक. मी त्यांना चार दिवस बसून वर्णानुक्रमानं वेगळं केलं होतं. मला खरंच फार वाईट वाटलं. सर्जेरावांच्या फोनपेक्षा, कडीवाल्या मुलापेक्षा, सगळ्यापेक्षा जास्त ते लागलं.

ती अंगणात गेली. पायरीवर उभी राहिली. ती म्हणाली, "मी लिहिलेलं ज्याला खोटं वाटतं त्यानं पुढं यावं. खोटं असेल तर इथंच माफी मागते."

कोणी पुढं आलं नाही. कडीवाला मुलगा अर्धं पाऊल सरकला, पण त्याच्या भावानं टेप खिशात घातली होती.

"खोटं नाय वहिनी," सर्जेराव म्हणाले. "पर हे लिहायचं कशापायी?"

"माझ्या लक्षात राहावं म्हणून. दुसऱ्याला दाखवायला नाही. तुम्ही मला विश्वासानं सांगितलंत आणि ते माझ्या घरातून बाहेर गेलं. चूक आमची." तिनं साठ माणसांपुढं हात जोडले.

तिनं हात जोडलेले पाहून मी पुढं गेलो. एकतीस वर्षांत मी कधी चूक कबूल केली नव्हती, तशी पद्धतच नव्हती. "चूक हिची नाही," मी म्हणालो. "हिनं मला कपाटाला हात लावू नका म्हणून सांगितलं होतं. हे सगळं मी केलं." एवढं बोलून मला रडू आलं, पण उन्हामुळं कोणाच्या लक्षात आलं नसावं.

तेवढ्यात फाटकापाशी मोटारसायकल थांबली. पुढं राजकुमार, मागं जयमाला. ती शिक्षिका, उन्हाळी जादा वर्गावरून थेट आली असावी, बोटांना खडू होता.

"बाबा, फोन का उचलत नाही?" ती मोतीरामभाऊंना म्हणाली.

"लग्न मोडलंय," मोतीरामभाऊ म्हणाले. "त्यांच्याकडं टँकर हाये."

"मला माहीत आहे. त्यानं पहिल्याच भेटीत सांगितलं. नळ नाही तर नाही, खोटं सांगून लग्न करणाऱ्यापेक्षा टँकर बरा, असं मीच म्हणाले."

सर्जेरावांनी मुलाकडं पाहिलं. "आन् स्वयंपाकाचं?"

"पहिल्याच भेटीत," राजकुमार म्हणाला. "मला वरण-भात येतो, दादा. तेवढ्यावर चालंल आमचं."

"तुम्ही दोघं एकमेकांपासून काय लपवत होता, ते मात्र आज आम्हाला कळलं," जयमाला दोन्ही वडिलांना म्हणाली. आणि तिनं माझ्याकडं पाणी मागितलं. पिंपाच्या तळाशी दोन ग्लास होते. दोघांना एकेक पुरला. दोन्ही व्याही कोरड्या घशानं एकमेकांकडं बघत उभे राहिले आणि मग सर्जेराव पुरणपोळ्या कोणत्या दुकानातल्या होत्या ते विचारू लागले.

साखरपुडा बावीसलाच झाला. अकरा कुटुंबांनी आमच्या केंद्रातून नाव काढलं, आणि त्यांचा राग रास्त होता. उरलेल्यांपैकी कितीतरी जणांनी आठवडाभर अश्लेषाला गुपचूप फोन केले: फोल्डर उघडेपर्यंत बंद झालं, तर अमक्या स्थळाच्या मागं काय लिहिलं होतं? तिनं एकालाही सांगितलं नाही. फक्त वैजनाथरावांना तिनं स्वतः फोन केला. त्यांच्या मुलीबद्दल लक्षात ठेवायला लिहावं लागलं नव्हतं, एवढंच म्हणाली.

जूनमध्ये मी भीतभीत विचारलं, "नवे फॉर्म छापून आणू का? एकाच बाजूचे?"

"नको," ती म्हणाली.

तेव्हापासून ती काही लिहीत नाही. फॉर्म नाही, वही नाही, कॉम्प्युटर तर नाहीच. माणसं येतात, बोलतात, ती ऐकते. कपाटात आता चादरी आहेत. राजकुमार-जयमालासारखी चाळीसेक लग्नं तिनं अशीच जमवली. आमच्याइतकं पेपरलेस ऑफिस अख्ख्या मराठवाड्यात नसेल, आणि ते मी केलं, हे नाकारता येणार नाही.

परवा रविवारी एक बाई मुलीसाठी आल्या होत्या. खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या, काहीतरी सांगायचं होतं आणि जीभ उचलत नव्हती. मी पाण्याचा ट्रे घेऊन आत गेलो. दोघी एकदम गप्प झाल्या. मी ग्लास ठेवले. अश्लेषा खिडकीबाहेर बघत होती, अगदी सहज. मग मी ट्रे उचलला, बाहेर आलो आणि दार लावून घेतलं. आतून बाईंचा आवाज यायला लागला.